मछली खडक ते दादर

गुलमंडीवरून सिटी चौकाकडे निघालं, की मछली खडक लागतं. नाव मासळीचं, दुकानं मात्र कापडाची नि बाकी कशाकशाची. लग्न होऊन आलेली आमची काकू पहिल्याच आठवड्यात पिशवी घेऊन तिकडे निघाली होती म्हणे. "नाव ऐकलं, म्हटलं बाजार असेल!" हा किस्सा घरात इतकी वर्षं हसत हसत सांगितला जातो. हसताना काकूच्या चेहऱ्याकडे कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

काकूचं माहेर वेंगुर्ल्याचं. आमचं घर शाकाहारी. लग्न १९७६ सालचं, जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं त्याच वर्षीचं. त्या पाण्यातले रोहू-कटला पुढे शहरात विकायला येऊ लागले. पण गोड्या पाण्यातला मासा काकूच्या लेखी मासाच नव्हे! आणि असता तरी शिजवायचा कुठे? घरात तो विषयच बंद होता. तिनंही कधी काढला नाही.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही दोघी मुंबईला गेलो. काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. दादर पश्चिमेला 'सिंधुदुर्ग', 'गोमांतक' अशा पाट्या दिसायला लागल्या नि काकूची चाल मंदावली.

"जायचं का आत?" मी विचारलं.

"दोघी बायकाच? आणि घरी कळलं तर?"

सत्तरी ओलांडलेली बाई, स्वतःच्या जिभेसाठी घाबरत होती. मी तिचा हात धरला आणि एका खानावळीत शिरले.

ताट न मागवता आम्ही एकेक प्लेट मागवली. बोंबील, मांदेली, तिसऱ्या, बांगड्याचं तिखलं. मधे सोलकढी. स्पेनमध्ये असे थोडे थोडे पदार्थ चाखत बसायची पद्धत आहे, त्याला 'तापास' म्हणतात. 'तापा' म्हणजे झाकण. पेल्यावर झाकणासारखी ठेवलेली पावाची किंवा मांसाची चकती, तिथून हे नाव आलं असं सांगतात. तिथं हे खाणं मिळतं ते बारमध्ये. आपल्याकडे बार सोडाच, साध्या खानावळीतसुद्धा बाईचं पाऊल उंबऱ्याशी अडतं. गंमत बघा, मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी चालवल्या त्या बायकांनीच. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. रांधणाऱ्या बायका, नि जेवणारे बहुतेक बाप्येच!

काकू आधी नुसतीच बघत बसली. मग बोंबलाचा तुकडा मोडला आणि बोलायला लागली. बोंबलात पाणी फार, म्हणून साफ करून वजनाखाली दाबून ठेवायचा, मग रव्यात घोळवून तळायचा. नाहीतर तव्यावर त्याचा लगदा होतो. तिखल्यात तिरफळं हवीतच, पण ती चावायची नसतात, वासापुरती. ताजा मासा ओळखायचा तर कल्ला उचलून बघायचा, आतून लालभडक पाहिजे. इतकं सलग बोलताना मी तिला आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. बांगड्याचा मधला काटा तिनं एका ओढीत अख्खा बाहेर काढला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी! मी आपली सोलकढी-भातावर. तिच्या आग्रहाखातर एक मांदेली तोंडात टाकली. कुरकुरीत होती, पण काट्यांचीच धास्ती जास्त.

"आई खाडीवर तिसऱ्या वेचायला न्यायची," काकू म्हणाली. "ती गेली तेव्हा मी बाराव्यालाच पोचले. परत येताना मामीनं डब्यात सुकी सुंगटं घातली होती. मी ती मनमाडला गाडीतून टाकून दिली. घरी वास आला असता."

मला काय बोलावं सुचेना. मी तिसऱ्यांची प्लेट तिच्याकडे सरकवली.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. माझा चुलतभाऊ. काकूचा हात मसाल्यानं माखलेला, म्हणून मीच फोन तिच्या कानाला लावला.

"आई, जेवलीस का?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान वळवली, हे तिचं तिनंच ठरवायचं होतं.

"जेवतेय," ती म्हणाली. "बांगडा आहे."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तो म्हणाला, "काटे बघून खा गं."

फोन बंद झाला. काकूनं पदरानं कपाळ टिपलं आणि वाढणाऱ्या पोराला हाक मारली, "दादा, अजून एक तिसऱ्या आणा हो!"