धावत्या रक्तातून उतरताना

निफाडच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी चालू असताना कात्री निसटते आणि बोटाला लागते. हळद दाबून, चिंधी गुंडाळून काम पुढे चालूच राहतं. संध्याकाळी बोट ठणकायला लागतं, लाल होऊन सुजतं. एव्हाना रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेपाशी जमू लागलेल्या असतात. वाहत्या रक्तातली पेशी नेमकी तिथेच कशी उतरते?

उतरायची जागा म्हणजे केशवाहिन्यांच्या लगेच पुढच्या बारीक नीला. जखमेजवळच्या पेशींनी हिस्टामिनसारखी रसायनं सोडली, की नीलेच्या अस्तरात आधीच साठवलेलं पी-सिलेक्टिन हे प्रथिन काही मिनिटांत पृष्ठभागावर येतं. त्याचं भावंड ई-सिलेक्टिन नव्याने बनवावं लागतं, त्याला काही तास जातात. दोन्ही प्रथिनं पांढऱ्या पेशीवरची साखर ओळखतात. चहातली नव्हे, चार शर्करा जोडून झालेला हा एक चिमुकला फांदीदार तुकडा, नाव सायलिल लुईस एक्स. त्यातली फ्यूकोज ही शर्करा कळीची, कारण सिलेक्टिनमधलं कॅल्शियम तिलाच धरतं.

ही पकड कच्ची असते आणि तशीच हवी. पुढचा बंध जुळतो, मागचा सुटतो, पेशी भिंतीवरून गडगडत जाते. धावत्या एसटीतून उतरणारा चार पावलं गाडीबरोबर पळतो, तसंच हे. गंमत अशी, की प्रवाहाची ओढ वाढली तर एका मर्यादेपर्यंत हे बंध उलट जास्त टिकतात. वेग मंदावला की भिंतीवरची केमोकाइन्स इशारा देतात, पेशीवरची इंटिग्रिन प्रथिनं ताठ होतात आणि आता पक्की पकड बसते. मग अस्तराच्या फटीतून अंग चेपत पेशी बाहेर पडते.

फ्यूकोजच नसेल तर? १९९२ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी अशा दोन मुलांची नोंद केली. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, तरी संसर्ग पुन्हा पुन्हा, आणि पू मात्र धरत नाही. दोघांचा रक्तगट निघाला ‘बॉम्बे’, म्हणजे १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला गट. दुवा फ्यूकोजचाच. ओ गटाच्या लाल पेशींवर जो एच प्रतिजन असतो, तो बॉम्बे गटात नसतो, आणि तोही फ्यूकोज जोडल्याशिवाय पूर्ण होत नाही. या मुलांत पेशीच्या आत फ्यूकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनातच दोष होता. तो २००१ मध्ये सापडला. अशा काही रुग्णांना तोंडावाटे फ्यूकोज देऊन फायदाही झाला.

यावरून आपल्याकडच्या बॉम्बे गटाच्या माणसांनी धसका घ्यायचं कारण नाही. त्यांच्यात एच घडवणारं एन्झाइम तेवढं निकामी असतं; पांढऱ्या पेशींवर फ्यूकोज चढवणारं एन्झाइम निराळं, आणि ते शाबूत असतं. त्यांची खरी अडचण रक्त चढवायची वेळ आली की सुरू होते. नुसत्या ए आणि बी विरोधी सीरमने तपासलं तर ते ओ गटाचे दिसतात, पण ओ गटाचं रक्त त्यांना चालत नाही. त्यांच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी घालून पाहिल्या की गुठळ्या होतात, तेव्हा कुठे गट उघडा पडतो.