आयुक्तांचा नकार, मंत्र्यांची मंजुरी

डिसेंबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यात संविधान सभेपुढे आजच्या कलम १९ चा मसुदा होता. हरि विष्णू कामत यांनी त्यात एक दुरुस्ती सुचवली : कायद्याच्या मर्यादेत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत असावा. मागणी जुनी होती. १९२८ च्या नेहरू अहवालात ती होती आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही होती. इंग्रजांनी १८७८ साली, लिटनच्या काळात, शस्त्रांचा कायदा करून साऱ्या देशाला निःशस्त्र केलं, हा सल तेव्हाच्या पिढीच्या मनात खोल रुतलेला होता.

दुरुस्तीला डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. परक्या सरकारविरुद्ध ही मागणी समजण्यासारखी होती, पण परिस्थिती बदलली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतंत्र देशात व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र हाती घेण्याचं तिचं कर्तव्य त्यांना मोलाचं वाटत होतं. शिवाय असा हक्क एकदा संविधानात लिहिला की चोरालाही तो मिळणार, आणि नियम घालूनही तो त्याच्याकडून पूर्णपणे काढून घेता येणार नाही, ही अडचण त्यांनी दाखवून दिली. दुरुस्ती फेटाळली गेली. शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क तेवढा संविधानात राहिला.

ही चर्चा झाली तेव्हा गांधीजींच्या खुनाला वर्षही उलटलं नव्हतं. कटाचे धागे पुण्यात होते. खटल्यात पुढे माफीचा साक्षीदार झालेल्या दिगंबर बडगे याचं ‘शस्त्र भांडार’ याच शहरात होतं. पत्रकार ग. वि. केतकरांनी १९६४ साली पुण्यातल्या एका समारंभात आपल्याला या बेताची आधीच कुणकुण होती असं सांगितलं, आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत ती माहिती मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळ गंगाधर खेर यांच्यापर्यंत पोचवली होती असाही दावा केला. त्यावरून संसदेत गदारोळ झाला. अखेरीस न्या. जीवनलाल कपूर आयोगाला हे सारं तपासावं लागलं. सामान्य माणसानं हत्याराबद्दल लोकप्रतिनिधीला सावध करावं, आणि त्या सावधगिरीचं पुढे काय झालं हे कळायला दोन दशकं जावीत, असा हा प्रसंग. पुण्यातल्या हत्यारांचा विचार करताना मला तो बाजूला सारता येत नाही.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या विधेयकासोबतच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात १८७८ चा कायदा साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, अशी कबुली आहे. सरळमार्गी माणसाला स्वसंरक्षणासाठी बंदूक मिळत नाही आणि दरोडेखोराला हवं ते मिळतं, हे तेव्हाचं गाऱ्हाणं. ओडिशाचे खासदार उ. चं. पटनायक यांनी खासगी विधेयक आणून ते लोकसभेत लावून धरलं होतं. म्हणजे हा कायदा जन्मला तो लोकांच्या तक्रारीतून, आणि त्या तक्रारीचा रोख बंदूक सहज मिळावी असा होता. त्या रोखाची खूण आजही कायद्यात आहे. कलम १३ प्रमाणे संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक मागणाऱ्याला, आणि पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला, कायद्याची आडकाठी नसेल तर परवाना द्यायचा आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. कोकणात रानडुकरांपासून भात वाचवणारा शेतकरी आणि पुण्यात कमरेला पिस्तूल लावून गाडीतून उतरणारा माणूस यांत कायद्यानं पहिल्यापासून फरक केलेला आहे.

तो फरक पुण्याच्या आसपास पुसट होत गेला. हिंजवडी, मुळशी, मावळ, हवेली इथल्या जमिनींना सोन्याचा भाव आला, गुंठ्यागुंठ्यावर वाद उभे राहिले, आणि ‘जिवाला धोका’ हे परवान्याच्या अर्जातलं नेहमीचं कारण झालं. प्रवीण तरडे यांच्या २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटानं ही दुनिया महाराष्ट्राला दाखवली. २०२४ च्या जुलैत मुळशीतल्या जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवल्याची चित्रफीत देशभर फिरली. ते पिस्तूल परवान्याचं होतं.

शहरातल्या लोकांचा प्रश्न साधा आहे. ५ जानेवारी २०२४ ला कोथरूडच्या सुतारदऱ्यात भरदिवसा गोळ्या घालून एका गुंडाचा खून होतो, १ सप्टेंबर २०२४ ला नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांच्यावर गोळ्या झाडून कोयत्यानं वार होतात, सप्टेंबर २०२५ मध्ये कोथरूडला गाडीला वाट दिली नाही एवढ्यावरून गोळीबार होतो. एवढी हत्यारं येतात कुठून, आणि आम्ही निवडून दिलेले लोक त्याबद्दल काय करताहेत?

पहिल्या भागाचं उत्तर बव्हंशी एका गावाच्या नावात आहे. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून आहे. तिथल्या भट्ट्यांत गावठी पिस्तुलं घडतात आणि मध्यस्थांमार्फत पुण्यापर्यंत येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे शहर पोलिसांनी मोठं पथक घेऊन तिथं छापा घातला आणि भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पिस्तूल पकडणं हे इथल्या पोलिसांचं काम आहेच, पण ते जिथं घडतं तिथवर जाणं अधिक महत्त्वाचं होतं. असे छापे एकदा घालून भागत नाही. दोन राज्यांच्या गृहखात्यांना ते वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागेल.

दुसऱ्या भागाचं उत्तर शोधताना विधिमंडळाकडे पाहावं लागतं. २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी पुण्यातल्या कोयता गँगचा प्रश्न मांडला. पुढच्या काही आठवड्यांत पोलिसांनी कोयता विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवायला सांगितलं. हेतू चांगला होता. पण शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेली वस्तू ‘शस्त्र’ ठरत नाही. ऊस तोडणाऱ्याचा कोयता कायद्याच्या दृष्टीनं अवजार आहे. तो वस्तीत नाचवला की पोलिसांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमातल्या मनाई आदेशांचा आधार घ्यावा लागतो. सभागृहात प्रश्न आला, उत्तर आलं, पण कायद्याच्या ज्या फटीतून कोयता निसटतो ती कुणी मोजून पाहिली नाही. ती बुजवायची तर ऊसतोड मजुरावर अन्याय होणार नाही अशा बेतानं बुजवावी लागेल. असा बेत आखणं हेच आमदारांचं काम.

याहून मोठा प्रसंग २०१३ चा. २० ऑगस्टच्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. शहर रस्त्यावर आलं. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळानं जादूटोणाविरोधी वटहुकूम काढायचं ठरवलं, चार दिवसांत तो निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं ते विधेयक वर्षानुवर्षं रखडलं होतं, ते त्यांच्या मरणानंतर मंजूर झालं. त्याचं मोल मी तसूभरही कमी मानत नाही. पण ज्या पिस्तुलानं त्यांचा जीव घेतला त्याबद्दल सभागृहानं त्या वेळी काही वेगळं केलं नाही. दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये.

केंद्रातला अलीकडचा मोठा बदल २०१९ चा. एका परवानाधारकाकडे किती बंदुका असाव्यात यावर १९८३ मध्ये तीनची मर्यादा आली होती. २९ नोव्हेंबर २०१९ ला लोकसभेत आलेल्या विधेयकात ती एकवर आणायचा प्रस्ताव होता. पंजाबचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनी विरोधाचं पत्र लिहिलं, वाडवडिलांच्या बंदुकांचा आणि दूरच्या खेड्यांचा मुद्दा खासदारांनी मांडला, आणि ९ डिसेंबरला लोकसभेनं जे मंजूर केलं त्यात आकडा दोन होता. दहा दिवसांत सरकारनं मर्यादा बदलली. बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली. वरातीत हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नेमबाजांना सवलत राहिली, ते योग्यच. बालेवाडीच्या रेंजवर घाम गाळणारा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतो, तेव्हा त्याची रायफल आणि टोळीचं पिस्तूल एका मापानं मोजता येत नाही हे वेगळं सांगायला नको.

आकडे पाहिले तर महाराष्ट्र तसा संयमी म्हणावा लागेल. केंद्रीय गृहखात्याच्या माहितीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात ८४ हजार. पण संतोष देशमुख या सरपंचाच्या ९ डिसेंबर २०२४ च्या खुनानंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं समोर आलं आणि लोक हादरले. सुरेश धस यांनी विधानसभेत आवाज उठवला, सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडे मांडले, मुख्यमंत्र्यांनी बंदुकीसह फोटो टाकणाऱ्यांचे परवाने तपासायला सांगितले, आणि बरेच परवाने रद्द झाले. जे परवाने इतक्या झटपट रद्द करता आले ते दिले कुणी आणि कशाच्या आधारावर, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

हाच प्रश्न ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात उघडा पडला. शहरातल्या एका टोळीप्रमुखाच्या भावानं पिस्तुलाचा परवाना मागितला होता. पोलीस आयुक्तांनी नकार दिला. त्यानं अपील केलं आणि गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी जून २०२५ मध्ये ते मंजूर केलं. बातमी फुटल्यावर विरोधकांनी राजीनामा मागितला. न्यायालयानं अर्जदाराला निर्दोष सोडलं होतं आणि त्याच्यावर गुन्हा प्रलंबित नव्हता, असं राज्यमंत्र्यांचं स्पष्टीकरण. प्रत्यक्षात परवाना दिला गेलेला नाही, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले. आयुक्तांनी तो दिला नव्हता, हे खरं.

त्यावर पडदा पडला, पण मला त्यातली व्यक्ती फारशी महत्त्वाची वाटत नाही. रचना महत्त्वाची वाटते. कलम १४ प्रमाणे सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता यांसाठी आयुक्त परवाना नाकारू शकतात. नकाराची कारणं त्यांना लेखी नोंदवावी लागतात. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही, ही कायद्यातली फार चांगली तरतूद. कलम १८ प्रमाणे अर्जदार वर अपील करू शकतो. अपील निकाली काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे, आणि त्यावरचा आदेश अंतिम. अर्जदार ज्या गल्लीत राहतो तिथल्या लोकांना या सुनावणीत जागा नाही. त्यांच्या वतीनं बोलतो तो फक्त आयुक्तांचा नकार. तो फिरवणारा मंत्री निवडून आलेला माणूस असतो. सभागृहात जो गोळीबाराच्या प्रश्नांना उत्तरं देतो तोच मंत्रालयात अपिलाच्या फाईलवर सही करतो. पहिल्या कामाचा प्रत्येक शब्द विधिमंडळाच्या कामकाजात छापला जातो, दुसऱ्याचा एकही नाही.

याच पुण्यात २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद होणाऱ्याला किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुमारे सहा हजार लोकांच्या वतीनं पंचाण्णव जण तिथं बसले. मतदानाचा हक्क नव्हता त्या काळात, आपण कुणाच्या वतीनं बोलतो हे कागदावर दाखवायची ही रीत गणेश वासुदेव जोशींसारख्यांनी घातली. लोकप्रतिनिधीनं कुणाला बांधील असावं, याबद्दल पुणेकराला बाहेरून शिकायची गरज नाही.

तरी बाहेरचं एक उदाहरण सांगतो. २८ एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट आर्थर इथं एका बंदूकधाऱ्यानं ३५ जणांना ठार केलं. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली आणि साडेसहा लाखांच्या आसपास हत्यारं सरकारनं विकत घेऊन नष्ट केली. विरोध करणारे बहुतेक त्यांच्याच आघाडीचे ग्रामीण मतदार होते. हॉवर्ड त्यांच्यापुढे गेले. व्हिक्टोरियातल्या सेल गावच्या सभेत सुरक्षारक्षकांच्या सांगण्यावरून कोटाखाली बुलेटप्रूफ जाकीट घातलेलं दिसत होतं, आणि त्याचा त्यांना नंतर पश्चात्तापही झाला. पण संतापलेल्या मतदारांना त्यांनी कारणं तोंडावर सांगितली.

कारणं सांगण्याचा हा धाक आपल्याकडे नको असं कुणी म्हणणार नाही, पण मागायला कुणी पुढे येत नाही. अर्जदारालाही न्याय हवाच. खोट्या गुन्ह्यांत अडकवलेली माणसं असतात, खरोखर धोक्यात असलेले व्यापारी आणि कार्यकर्ते असतात, आणि पोलिसांचा नकारही कधी आकसाचा असू शकतो. अपिलाची तरतूद काढून टाका असं मी म्हणणार नाही. निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेऊ नका, प्रत्येक प्रकरण तपासा, असं मुंबई उच्च न्यायालयानं गोव्यातल्या एका खटल्यात २००९ मध्ये सांगितलं, तेही न्यायाचंच होतं. रानडुकरांच्या हंगामात बंदूक ठाण्यात जमा करून हात चोळत बसणाऱ्या शेतकऱ्याला त्याचं महत्त्व कळतं.

पुणे शहरातून विधानसभेवर आठ आमदार जातात : कोथरूड, कसबा पेठ, शिवाजीनगर, पर्वती, वडगाव शेरी, पुणे कॅन्टोन्मेंट, हडपसर, खडकवासला. त्यांपैकी कुणीही, सत्ताधारी असो वा विरोधक, पुढच्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न लावू शकतो. गेल्या पाच वर्षांत पुणे पोलीस आयुक्तांनी नाकारलेल्या किती परवान्यांवर गृह विभागाकडे अपील झालं, त्यांतली किती मंजूर झाली, प्रत्येक मंजुरीचं लेखी कारण काय, अर्जासोबत कुणाचं शिफारसपत्र होतं का, आणि त्यांतल्या किती परवान्यांची हत्यारं पुढे एखाद्या गुन्ह्याच्या पंचनाम्यात आली? नावं झाकून ठेवली तरी चालतील, तारखा आणि कारणं पुरेत. या प्रश्नासाठी नवा कायदा लागत नाही. लागतो तो आमदाराच्या सहीचा एक कागद, आणि तो मागायला त्याच्या जनसंपर्क कार्यालयात पाच-पन्नास मतदारांनी जाऊन बसणं.