पाण्याला मुदत देणारी भुकटी

सरकीपासून रुई वेगळी झाली आणि गाठी गिरणीच्या वाटेला लागल्या, म्हणजे कापसाची हकीकत संपली अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु जिनिंगमधून सुटून सरकीच्या अंगाला चिकटून राहिलेले, सूत कातण्याच्या कामी सर्वस्वी निरुपयोगी असे जे आखूड तंतू, ज्यांना व्यापारात लिंटर म्हणतात, त्यांची हकीकत तेथून पुढे सुरू होते. हे लिंटर म्हणजे जवळजवळ निर्भेळ सेल्युलोज. त्यापासून, किंवा लाकडाच्या शुद्ध केलेल्या लगद्यापासून, सेल्युलोज ईथर नावाची एक पांढरी, बेचव भुकटी तयार होते, आणि ती आज घराच्या भिंतीत व औषधाच्या गोळीत सारख्याच सहजतेने वावरते. भिंतीत ती पाण्याला बाहेर जाऊ देत नाही, गोळीत ती पाण्याला आत येण्यास विलंब लावते. पाण्याच्या या जाण्यायेण्याची मुदत ठरविणे एवढ्या एकाच अधिकारावर तिने दोन अवाढव्य उद्योगांत आपले स्थान कायम केले आहे.

सेल्युलोज हे द्रव्य फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायेन याने १८३८ साली वनस्पतींतून वेगळे करून दाखविले. ग्लुकोजच्या असंख्य कड्यांची ती एक सरळ साखळी. प्रत्येक कडीवर हायड्रॉक्सिलचे तीन गट, आणि त्यांच्या योगाने शेजारशेजारच्या साखळ्या परस्परांशी इतक्या घट्ट बांधलेल्या, की पाण्याला त्यांच्यामध्ये शिरकावच मिळत नाही. सुती धोतर वर्षानुवर्षे धुतले तरी विरघळत नाही, ते यामुळेच. कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात हा लगदा भिजविला म्हणजे साखळ्या फुगून एकमेकींपासून दूर होतात. मग बंद पात्रात, दाबाखाली, मिथिल क्लोराइड आणि प्रॉपिलीन ऑक्साइड यांची त्यावर क्रिया घडवून काही हायड्रॉक्सिलांचे रूपांतर करण्यात येते. नवे आलेले मिथिल गट स्वभावतः पाण्याशी फटकून वागणारे. तथापि त्यांच्या येण्याने साखळ्यांची जुनी जूट मोडते आणि जे द्रव्य कधीच विरघळत नव्हते ते थंड पाण्यात विरघळू लागते. रसायनशास्त्रातील इतकी मनोहर विसंगती माझ्या पाहण्यात दुसरी नाही. सेल्युलोजच्या मिथिलीकरणाचे पहिले प्रयोग १९०५ साली झाले, आणि १९१२ साली लिओन लिलियेनफेल्ड याने अशा ईथरांचे एकस्व मागितले.

थंड पाण्यात विरघळते असे म्हटले खरे, परंतु थंड पाण्यात ही भुकटी एकदम ओतणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. पिठल्यात पडाव्यात तशा तिच्या गाठी होतात: वरची साल भिजून बुळबुळीत, आणि आतला गाभा कोरडा ठणठणीत. जाणकार माणूस पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत तापवितो, त्यात भुकटी ढवळतो, आणि मग ते निवू देतो. अशा कढत पाण्यात तिचे कण नुसते तरंगत राहतात. भांडे निवत गेले की तो दुधाळ गढूळपणा हळूहळू ओसरून स्वच्छ, दाट, पारदर्शक द्रव तयार होतो, आणि पुन्हा तापविला की तो गोठतो. पाण्याचे जे रेणू थंडीत मिथिल गटांना वेढून असतात, ते उष्णतेने सुटे होतात आणि उघडे पडलेले गट एकमेकांना बिलगतात, हे त्याचे कारण. कारखानदार याच गुणाचा फायदा घेऊन तयार माल कढत पाण्याने धुतात. क्रियेत उत्पन्न झालेले मीठ वाहून जाते, माल जागच्या जागी राहतो.

सिमेंट वाळून घट्ट होते हा फार जुना गैरसमज आहे. ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक संयोगाने घट्ट होते, आणि तो संयोग पुरा होण्यापूर्वी पाणी निघून गेले तर मागे उरते ती ठिसूळ माती. आपल्या गवंड्यांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते. म्हणूनच गिलाव्यापूर्वी वीट भिजविणे, लाद्या पिंपात बुडवून ठेवणे आणि पुढे कित्येक दिवस पाणी मारीत राहणे हा त्यांचा शिरस्ता होता. त्याही पूर्वी, चुन्याच्या घाणीच्या काळात, गूळ, हिरडा आणि बेलफळाचा गर मालात मिसळण्यात येई. परंतु जुन्या पद्धतीत लादीखाली इंचभर जाडीचा थर असे व त्यात पाण्याचा साठा पुरेसा राही. आता लादी ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या थरावर बसवावयाची, खालची भिंत किंवा जमीन कोरडी व शोषक, आणि उन्हाळा वैशाखातला. अशा थरातील पाणी काही मिनिटांतच नाहीसे व्हावयाचे. ते होऊ नये याचा बंदोबस्त या भुकटीकडे असतो, आणि तिचे प्रमाण सुमारे ०.२ ते ०.५ टक्के, म्हणजे २० किलोच्या पोत्यात अवघे ४० ते १०० ग्रॅम!

दातेरी करणीने माल ओढून झाला की कुशल मिस्त्री त्याला बोट लावून पाहतो. बोटाला माल चिकटला तर लादी बसविण्यास अवधी आहे. बोट कोरडे निघाले तर वर साय धरली आहे, आणि तो माल खरवडून टाकणे हाच एक प्रामाणिक मार्ग. त्यावर पाणी शिंपडून लादी दडपणारा कारागीर घरमालकाचे नुकसान करतो. भुकटी मात्र जास्त झाली तर माल करणीला चिकटतो, त्यात हवेचे बुडबुडे राहतात, सिमेंटचे घट्ट होणे लांबते. भिंतीवर लावावयाच्या पुट्टीतही ती असते; तेथे कमी झाली तर पुट्टी खडूसारखी हाताला येते. आणि ज्या घटकाला ग्राहक ओळखतही नाही, त्यात काटकसर करण्याचा मोह उत्पादकाने टाळलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधाच्या कारखान्यात हिचे नाव हायप्रोमेलोज. रासायनिक कुळ तेच, परंतु शुद्धतेची कसोटी सर्वस्वी निराळी, आणि बांधकामाचा माल तेथे कदापि चालत नाही. २९१०, २२०८ असे तिचे प्रकार. पहिले दोन अंक मिथॉक्सी गटांचे आणि शेवटचे दोन हायड्रॉक्सिप्रोपॉक्सी गटांचे स्थूल शेकडा प्रमाण दर्शवितात. पातळ द्रावण देणारा २९१० गोळीवरील चकचकीत पापुद्र्यासाठी. दाट द्रावण देणारा २२०८ मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारख्या औषधाच्या सावकाश सुटणाऱ्या गोळीसाठी. ही गोळी पोटात भिजली की तिच्या पृष्ठभागावर दाट लगद्याचा थर जमतो. औषध त्यातून वाट काढीत तासन् तास बाहेर झिरपते, आणि थर बाहेरून झिजत जातो. गोळी चावली वा कुटली तर ही सारी तजवीज मोडते आणि दिवसाची मात्रा एकदम अंगावर येते, म्हणून ती अखंड गिळण्याची ताकीद असते. शौचात कधी गोळीच्या आकाराचा मऊ गोळा दिसून रुग्ण घाबरतात; औषध निघून गेल्यावर उरलेला तो सांगाडा असतो. प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून होणाऱ्या जिलेटिनऐवजी याच द्रव्याच्या कॅप्सूल होतात, आणि शाकाहारी कुटुंबांना त्यांचे मोल निराळे सांगावयास नको.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत याच द्रव्याचे २ टक्क्यांचे द्रावण डोळ्यात सोडतात. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला आतून ज्या नाजूक पेशींचे अस्तर असते, आणि ज्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत, त्यांचे ते हत्यारांपासून रक्षण करते व शल्यवैद्याला काम करण्यापुरती जागा उघडी ठेवते. आपल्याकडे ते विशेष प्रचारात आले ते त्याच्या अल्प किमतीमुळे. भिंग बसविल्यावर ते धुऊन काढणे अगत्याचे असते, कारण मागे राहिल्यास डोळ्यातील दाब वाढतो.