शिरखुर्म्याच्या पुढचा शेजार

ईदला शेजारी शिरखुर्मा जातो, दिवाळीला तिकडून फराळ येतो. ही देवाणघेवाण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती चालूच राहिली पाहिजे. पण एखाद्या रात्री अफवा पसरली, तर एवढी ओळख पुरते का? भिवंडीचा अनुभव याबाबत बरेच शिकवतो.

भिवंडी यंत्रमागांचे शहर. मागवाला, सूत-व्यापारी, कामगार सगळ्यांची भाकरी एकमेकांच्या हातात. तरीही मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. व्यवहार रोजचा होता, पण वेळ आली तेव्हा एकत्र बसण्याची जागाच नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसोबत नियमित बसू लागली. तिथे किरकोळ भांडणे मिटत, मिरवणुकीची बोलणी होत, अफवांची शहानिशा होई. डिसेंबर १९९२ नंतर मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. जवळची भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच आहे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही भारतातील शहरांचा अभ्यास करून हेच मांडले. खेड्यात रोजचे येणे-जाणे पुष्कळदा पुरते. शहरात मात्र दोन्ही समाज एकत्र काम करतात अशा संस्था, संघटना लागतात. कारण अफवा उठते तेव्हा कोणाला फोन करायचा, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे तिथे आधीच ठरलेले असते.

अर्थात कमिटी एकदा नेमली की काम संपले, असे नाही. २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण गेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. तो वाद हिंदू-मुस्लिम नव्हता, पण लोक आणि पोलीस यांच्यातला विश्वास किती लवकर तुटतो, हे त्याने दाखवले.

मग आपण घरातून काय करायचे? सोसायटीच्या बैठकीला जायचे, केवळ वर्गणी देऊन मोकळे व्हायचे नाही. शाळेच्या पालक सभेत आपल्या भगिनींनी पुढे बसायचे आणि बोलायचे. महिला बचत गटात दोन्हीकडच्या बायका असाव्यात, मुलांच्या क्रिकेटच्या संघातही तसेच. नळाचे पाणी, तुंबलेले गटार, बंद पडलेला दिवा या तक्रारींवर सह्या एकत्रच व्हाव्यात. आणि मोबाइलवर भडक संदेश आला, तर तो पुढे पाठवण्याआधी पलीकडच्या घरी एक फोन करावा.

आज वस्त्या वेगळ्या होत चालल्या आहेत. आपली मुले समोरच्या समाजाला भेटतात ती फक्त पडद्यावर. म्हणून शेजाऱ्याचा हक्क केवळ सणाच्या ताटापुरता ठेवून चालणार नाही. तो महिन्याच्या बैठकीपर्यंत नेला पाहिजे, आणि तोही सगळे शांत असतानाच.