पॅकेज बसवलं, पण उघडलं का?

जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचं जेएस 335 हे सोयाबीनचं वाण विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचं. अशी वाणं निवडताना शेतातल्या प्रयोगांचे आकडे तपासावे लागतात आणि त्यासाठी आज ‘आर’ ही मोफत संगणकप्रणाली सहज मिळते. नवशिका मात्र एका ठरावीक जागी अडतो. ‘एओव्ही’ ही आज्ञा आरसोबतच येते, त्यामुळे प्रसरण-विश्लेषण बिनबोभाट होतं. पुढे वाणांची आपसांत तुलना करायला ‘एलएसडी.टेस्ट’ लिहिलं, की उत्तर येतं: ‘कुड नॉट फाइंड फंक्शन’. ही आज्ञा ‘ॲग्रिकोले’ या पॅकेजातली, म्हणजे आरला वेगळा जोडायच्या आज्ञासंचातली. ते एकदाच बसवावं लागतं, पण आर नव्याने सुरू केलं की दरवेळी ‘लायब्ररी’ आज्ञेने उघडावं लागतं. काल चाललेलं आज का अडलं, त्याचं कारण बहुधा एवढंच.

मग संगणकानेच सगळी पॅकेजं आपोआप का उघडू नयेत? कारण पॅकेजं हजारो आहेत आणि नावं एकमेकांवर चढतात. ‘फिल्टर’ आरच्या मूळ संचात आहे, ‘डीप्लायर’ या पॅकेजमध्येही आहे, आणि दोघांची कामं वेगळी. सुरुवातीच्या ‘आरप्रोफाइल’ फाइलमध्ये सोय करता येते, हेही खरं; पण मग तीच स्क्रिप्ट, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांची फाइल, ती सोय नसलेल्या मार्गदर्शकांच्या संगणकावर अडते. शिकवणाऱ्यांनी म्हणूनच पाठांतरावर विसंबू नये. प्रत्येक नमुना-स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘लायब्ररी’ लिहून द्यावं, ‘रिक्वायर’ नव्हे: पॅकेज नसेल तर ‘रिक्वायर’ नुसता इशारा देऊन पुढे जातं, ‘लायब्ररी’ तिथेच थांबवतं.