सहाव्या नावाला अडणारा फोन

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची घरं आहेत. भिक्षेसाठी गावोगाव फिरायचं, जागा मिळेल तिथे पाल ठोकायचं, हे त्यांचं पिढीजात जिणं. १ जुलै २०१८ च्या रविवारी या समाजाचे पाच जण धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात होते. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेस्तोवर मारलं. मेलेल्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते.

टोळी नव्हतीच. होते ते मोबाइलवरचे मेसेज.

त्या काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं पोर उचलून पसार होतात. मूळ व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात. त्यात शेवटी पोराला परत आणून सोडतात आणि इशाऱ्याचा फलक दाखवतात. नेमका तेवढाच भाग कापलेला होता.

रागाच्या भरात वाटेल ते लिहिणाऱ्याला आपण चिडलोय हे निदान ठाऊक असतं. ‘मुलांना सांभाळा’ असं पुढे ढकलणारा मात्र स्वतःला जबाबदार पालक समजत असतो. म्हणून भीतीचा मेसेज आवरणं जास्त अवघड.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतापुरती मर्यादा घातली: एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड. मेसेज दाबून धरा, बाण दाबा, नावं निवडत जा. सहाव्या नावाला फोन अडतो. २०१९ मध्ये हा नियम जगभर लागू झाला आणि फॉरवर्ड २५ टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला, दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले, हाही कंपनीचाच आकडा. माणसं काही रातोरात शहाणी झाली नव्हती. पाठवणं तेवढं कटकटीचं झालं होतं.

स्वतः लिहिलेल्या मेसेजसाठी सवलत आहे. २०२३ पासून १५ मिनिटांत तो दुरुस्त करता येतो. सर्वांच्या फोनवरून पुसायला साधारण अडीच दिवस मिळतात. पण सोलापूरच्या ग्रुपवरून पुसलेला मेसेज तोवर कुणी पंढरपूरला धाडला असेल, तर तिथे तो तसाच राहतो. तो काढायचा तर धाडणाऱ्यालाच गाठावं लागतं.