दूरचित्रवाणी संच आणि त्याच्या शेजारचा ध्वनिवर्धक

गेल्या वर्षी नव्या वास्तूच्या निमित्ताने भालकीच्या एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा आम्हांस योग आला. दिवाणखाना प्रशस्त, खाली गुळगुळीत शहाबादी फरशी, समोरच्या भिंतीवर ५५ इंची सपाट संच, आणि त्याच्या जोडीला हौसेने आणलेले पाच ध्वनिवर्धक व एक मोठा सबवूफर. परंतु त्या पाचांपैकी एकही संचाजवळ नव्हता. दोन कपाटांच्या डोक्यावर छताला भिडलेले, दोन सोफ्यामागच्या कोपऱ्यांत, आणि ज्याची जागा नेमकी पडद्याखाली तो मधला ध्वनिवर्धक सहा-सात फूट दूर खिडकीच्या कट्ट्यावर ! कारण विचारता यजमान म्हणाले, "टीव्हीजवळ स्पीकर ठेवला की चित्र बिघडते, असे आमचे वडील नेहमी सांगत."

त्याच वेळी त्यांच्या मातोश्री, वय ऐंशीच्या पुढे, बातम्या ऐकत बसल्या होत्या. दर दोन वाक्यांनी त्या नातवाला विचारीत, "काय म्हणाला रे तो?" नातू दोनदा सांगे, तिसऱ्यांदा आवाज वाढवी. आवाज वाढला की खोली नुसती घुमे, आणि आजींचा प्रश्न पुन्हा तोच. थोड्या वेळाने त्या निमूटपणे उठून आत गेल्या. त्यांच्या जाण्याचे कुणालाच काही वाटले नाही, कारण तसे रोजच होत असे. हा लेख लिहावा असे आम्हांस त्या क्षणी वाटले.

वडिलांनी घालून दिलेला नियम त्यांच्या काळी अगदी खरा होता. तो का खरा होता व आज कोठे लागू पडतो, हे आधी पाहू.

आमच्या ह्या सीमाभागाचा व दूरचित्रवाणीचा संबंध तसा जुना आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत उपग्रहाद्वारे खेड्यापाड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग 'साइट' ह्या नावाने झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे होती, आणि कर्नाटकाच्या वाट्याची गावे तेव्हाच्या गुलबर्गा, रायचूर व विजापूर जिल्ह्यांतील होती. संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनविलेले. उपग्रहावरून एका चित्राबरोबर दोन ध्वनी पाठविण्याची सोय होती, त्यामुळे तेच चित्र आंध्रात तेलुगूत व इकडे कानडीत ऐकू येई. दोन-तीन भाषांच्या शिवेवर राहणाऱ्या आम्हां लोकांना ह्यातली मौज वेगळी समजावून सांगावयास नको. पुढे १९७७ साली गुलबर्ग्यास दूरदर्शनचे केंद्र झाले, १९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण आले, आणि १९८७ साली रामायण मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी बाजारपेठा ओस पडू लागल्या. गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले ते २०१४ साली. तोपावेतो तो जाडजूड काचेच्या नळीचा संच बैठकीतून बहुतेक निघून गेला होता. नियम मात्र मागे राहिला.

त्या संचाच्या पोटात चित्रनलिका असे. नळीच्या निमुळत्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटे, आणि त्या झोताला चुंबकीय बलाने डावीउजवीकडे, वरखाली वळवून सबंध पडदा रेघेरेघेने रंगविला जाई. म्हणजे चुंबकाने झोत वळतो ह्याच तत्त्वावर चित्र उभे राही. मग बाहेरून कोणी दुसरा चुंबक आणून ठेवला तर तो झोत भलतीकडे वळणार, हे उघड आहे. ध्वनिवर्धकाच्या मागे तर चांगला वजनदार चुंबक असतोच.

कृष्णधवल संचात ह्याने चित्र थोडे वाकडे होई, आणि चुंबक दूर नेला की पूर्ववत होई. रंगीत संचाची गोष्ट निराळी. तेथे तांबडा, हिरवा व निळा असे तीन झोत; आणि पडद्याच्या लगोलग आत बारीक छिद्रांची पातळ पोलादी जाळी. प्रत्येक झोताने त्या छिद्रातून आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावयाचे. चुंबकाने झोत जरासा सरकला की तो शेजाऱ्याच्या ठिपक्यावर जाऊन पडे, आणि पांढऱ्या सदऱ्यावर जांभळे डाग दिसू लागत. शिवाय ती जाळी स्वतःच चुंबकीय बनून बसे. त्यामुळे ध्वनिवर्धक हलवला तरी डाग जात नसे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. १९९१ च्या सुमारास आमच्याच घरी टेपरेकॉर्डरच्या दोन मोठ्या पेट्या शोभेसाठी म्हणून रंगीत संचाच्या दोहो बाजूंना लावल्या. संध्याकाळपर्यंत निवेदिकेचा अर्धा चेहरा हिरवा ! एका कारागिराला बोलाविले. त्याने पाहताक्षणी नळी गेली म्हणून सांगितले व नव्या नळीचा हजारांच्या घरातला भाव सांगितला. आम्ही पैशांची जुळवाजुळव करीत असता शेजारच्या एका वयस्कर गृहस्थांनी पेट्या बाजूस काढावयास लावल्या, संच अर्धा तास बंद ठेवविला व मग सुरू केला. 'ढुम्' असा आवाज झाला व डाग बराच फिकटला. असे तीन-चार वेळा केल्यावर चित्र स्वच्छ झाले. त्या आवाजाचे रहस्य असे की, नळीभोवती तारेचे एक वेटोळे असते. संच सुरू होताच त्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह जाऊन क्षणात ओसरतो, आणि त्या ओसरण्यात जाळीचे चुंबकत्व पुसले जाते. मात्र तो प्रवाह ओसरविणारा घटक तापलेला असतो. तो थंड झाल्यावाचून पुढची खेप लागू पडत नाही. म्हणून ते अर्ध्या तासाचे थांबणे.

वीजदाबाच्या लहरीमुळे आमच्याकडे घरोघर संचाशेजारीच स्टॅबिलायझर ठेवण्याची पद्धत होती. त्यातील रोहित्राचे चुंबकत्व सतत उलटसुलट होत असल्याने चित्राची कड थरथरे, आणि दोष दिला जाई तो बिचाऱ्या अँटेनाला ! उलट बिदरी सुरई संचावर ठेवली तर बिघाड होईल काय, असे काही भगिनी विचारीत. बिदरी काम जस्त व तांबे ह्यांच्या मिश्रधातूचे, वर चांदीचे जडावकाम. ह्यांपैकी काहीच चुंबकाला लागत नाही, तेव्हा ती भीती निराधार होती.

ज्यांच्या शेतावर, वखारीत किंवा गावच्या वाड्यात अद्याप नळीचा रंगीत संच चालू आहे, त्यांनी साधा ध्वनिवर्धक त्यापासून तीन फूट दूर ठेवावा. चुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट केले की तो साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. तेव्हा दहा-बारा फूट पळावयाचे कारण नाही. ह्याच अडचणीवर कारखानदारांनी कवचयुक्त ध्वनिवर्धक काढले होते. त्यांत मूळ चुंबकाच्या पाठीस उलट्या दिशेचा दुसरा चुंबक चिकटवून वर पोलादी वाटी बसवीत, म्हणजे बाहेर पसरणारे चुंबकत्व बरेच आवरले जाई. नळीच्या संचासाठी ते खरोखर उपयोगाचे.

आता सपाट संचाकडे वळू. एलसीडी संचात द्रवस्फटिकांचे सूक्ष्म कप्पे विजेच्या दाबाने प्रकाशाची वाट उघडझाक करतात. बाजारात ज्याला एलईडी म्हणून विकले जाते तोही हाच संच, फक्त मागील उजेड एलईडी दिव्यांचा. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. मधल्या काळात प्लाझ्मा संच आले व गेले. त्यांत वायूने भरलेल्या कोठड्या असत. ह्यांपैकी एकातही पडदाभर फिरणारा, चुंबकाने वळविलेला झोत नाही. म्हणून ह्या संचांना ध्वनिवर्धक अगदी खेटून ठेवला तरी चित्रास काडीचाही अपाय होत नाही.

येथे व्यवसायबंधूंशी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. आमच्यापैकी कित्येकांची विजेच्या सामानाची दुकाने बिदर, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी येथे आहेत. सपाट संच घेणाऱ्या गिऱ्हाइकास 'कवचयुक्तच घ्या, नाही तर पडदा जाईल' असे सांगून चार पैसे जास्त घेणे हे आमच्या मते खोटे माप देण्यासारखेच आहे. सांगणारा बहुधा अज्ञानाने सांगतो, हे खरे. पण गल्ल्यावर बसणाऱ्याने आपल्या मालाची माहिती ठेवावयास नको काय?

चुंबकाची भीती गेल्यावर खरा प्रश्न उरतो तो कानांचा, आणि विशेषतः वडीलधाऱ्यांच्या कानांचा. वयाबरोबर प्रथम उंच पट्टीचे स्वर ऐकू येईनासे होतात. शब्दाचा अर्थ ज्यांवर अवलंबून असतो ती स, श, त, फ, ख अशी व्यंजने ह्याच उंच पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीत असल्याने ते ऐकू येतात. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, "आवाज येतो, पण बोलणे कळत नाही." हे शब्दशः खरे असते. अशा वेळी नुसता आवाज वाढविला तर गुणगुण वाढते, शब्द तेथेच राहतो.

त्यात सपाट संचाची आणखी एक खोड. तो पातळ असल्यामुळे त्याच्या पोटात मोठ्या ध्वनिवर्धकाला जागा नाही. जे इवलेसे असतात त्यांची तोंडे बहुधा खाली किंवा पाठीमागे भिंतीकडे. आवाज आधी भिंतीवर व फरशीवर आपटून मग कानी येतो. शहाबादी फरशी उन्हाळ्यात पायाला कितीही गोड लागो, ध्वनीला ती आरशासारखी परतविते. माळवदाच्या जुन्या घरांत मातीच्या भिंती, धान्याच्या कणग्या, गाद्यांच्या उतरंडी आवाज शोषून घेत. नव्या सिमेंटच्या दिवाणखान्यात तसे काही उरलेले नाही. परतून येणाऱ्या आवाजाचा मागील शब्द पुढच्या शब्दावर चढतो, आणि आधीच मंद झालेल्या कानाला त्यातून व्यंजन वेगळे काढता येत नाही.

ह्यावर उपाय महाग नाहीत. पाच ध्वनिवर्धकांच्या संचात चित्रपटांतील व मालिकांतील संभाषण बहुतांशी मधल्यातून येते. तो पडद्याच्या लगत, शक्यतो खालच्या बाजूस ठेवावा व त्याचे तोंड ऐकणाराच्या कानाकडे असावे. आमच्याकडे संच भिंतीवर फार उंच लावण्याची रीत आहे, आणि बैठक मात्र गादी-तक्क्याची ! गादीवर बसलेल्याचे कान जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतात, सोफ्यावरील माणसाचे साडेतीन फुटांवर. मधला ध्वनिवर्धक त्याहून खाली असेल तर पुढच्या कडेखाली लाकडाची चीप सारून तो वर कलता करावा. वर असेल तर मागून उचलून खाली झुकवावा. डावा व उजवा पडद्याच्या दोहो अंगांस असे असावेत की, आपण नऊ फुटांवर बसत असू तर त्या दोहोंतही सुमारे नऊ फुटांचे अंतर पडेल. मागील दोघांबद्दल फार काथ्याकूट नको. ते आसनाच्या दोहो बाजूंना, जरा पाठीशी व कानाहून थोडे उंच असले म्हणजे झाले. कोणतीही पेटी भिंतीला अगदी चिकटवू नये, विशेषतः जिच्या पाठीस भोक आहे ती. नाही तर आवाज फुगतो.

सबवूफर पुष्कळ मोकळीक देतो. ४० हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट जवळजवळ २८ फुटांची, म्हणजे बहुतेक दिवाणखान्यांपेक्षा लांब. असल्या खोल आवाजाची दिशा कानाला कळत नाही. म्हणून तो बाजूस ठेवला तरी चालतो. फक्त कोपऱ्यात कोंबला तर भलताच घुमतो, आणि संचाच्याच काचेच्या फळीवर ठेवला तर त्याच्या हादऱ्याने फळी खडखडते. आणखी एक सोय ह्या यंत्रांतच असते, पण ती कोणी उघडून पाहत नाही: मधल्या ध्वनिवर्धकाचा आवाज तेवढा दोन-तीन डेसिबेलने वाढविता येतो व सबवूफरचा कमी करता येतो. घरात वृद्ध माणसे असतील तर हे आधी करावे. आणि एवढे करूनही शब्द कळत नसेल तर कानाच्या वैद्यास दाखवावे. पुष्कळदा नुसता मळ साचलेला असतो.

भालकीच्या त्या घरी आम्ही जेवणापूर्वीच मधला ध्वनिवर्धक खिडकीतून उचलून पडद्याखाली आणला, खाली लाकडाची चीप सारली, आतल्या खोलीतील सतरंजी आणून फरशीवर अंथरली. यजमान पडद्याकडे टक लावून डाग पडण्याची वाट पाहत होते. डाग पडला नाही. पण रिमोट चालेना. 'पाहा, बिघडला !' असे ते म्हणाले. संचाच्या खालच्या कडेला रिमोटचा किरण घेणारी जी चिमुकली खिडकी असते ती ध्वनिवर्धकाने झाकली गेली होती. तो दोन बोटे खाली घेताच रिमोट चालू लागला, आणि नातू आजींना हाक मारावयास आत गेला.